१४ दिवस, आईबाबा सोबत आणि नऊ ठिकाणांची यादी: जुलैची सहल कशी आखावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही अमेरिकेत डॅलसला राहता, आईबाबा पुण्याहून येतायत, जुलैत १४ दिवसांची रजा मिळालीय. बरोबर बायको आणि दहा वर्षांचा मुलगा. लास व्हेगासला उतरून गाडी घ्यायची आणि ग्रँड कॅन्यन, मॉन्युमेंट व्हॅली, आर्चेस, ब्राइस, झायन, ग्रँड टीटन, यलोस्टोन, ग्लेशियर, योसेमिटी असा पश्चिम अमेरिकेतला, मुख्यतः नॅशनल पार्कांचा फेरा मारून पुन्हा लास व्हेगासला यायचं. गूगल मॅप्स एकूण ड्रायव्हिंग साठ तासांच्या वर दाखवतो, म्हणजे दिवसाला साडेचार तास. मग हे का जमू नये, असं तुम्ही विचारलंय. वडिलांना मधुमेह आहे, आईचे गुडघे दुखतात, सगळे शाकाहारी आहेत आणि गाडी मुख्यतः तुम्हीच चालवणार, हेही तुम्ही लिहिलंत ते फार बरं केलंत. खालचं सगळं उत्तर त्यावरच बेतलेलं आहे.

मी सॉल्ट लेक सिटीजवळ राहते. उन्हाळा आला की मराठी कुटुंबांच्या सहली आखून देणं आणि जमेल तेव्हा त्यांच्याबरोबर जाणं हे माझं बऱ्याच वर्षांचं काम आहे. त्या अनुभवावरून सांगते, तुमची बेरीज बरोबर आहे, पण ती एका पार्कच्या दारापासून दुसऱ्या पार्कच्या दारापर्यंतची आहे. खरा वेळ जातो तो दाराच्या आत. यलोस्टोन सुमारे ९,००० चौरस किलोमीटरचं आहे. त्याचा मुख्य रस्ता इंग्रजी आठच्या आकड्यासारखा १४२ मैलांचा असून वेगमर्यादा बहुतेक ठिकाणी ताशी ४५ मैल आहे. त्यात रस्त्यावर गवे (बायसन) आले की अर्धा-पाऊण तास कोणी हलत नाही. गूगलच्या साठ तासांत हे काहीच धरलेलं नाही. पार्किंगसाठी घातलेल्या घिरट्या, शटलची (पार्कच्या बसची) रांग, वडिलांच्या जेवणाची वेळ, दर दीड तासाने लागणारं बाथरूम, हेही नाही.

तेव्हा रोज किती तास गाडी चालवता येईल हा मुद्दा नाही. जुलैत, साठी-सत्तरीच्या माणसांबरोबर, दिवसाचे कोणते तास बघण्यासारखे असतात हे आधी ठरवायला हवं. यूटा-ॲरिझोनाच्या वाळवंटी भागात त्याचं उत्तर सरळ आहे: पहाटे सहा ते दहा-साडेदहा आणि संध्याकाळी पाच ते अंधार पडेपर्यंत. मधले सहा तास ऊन, गर्दी आणि दुपारच्या गडगडाटात जातात. उजेडही असा पांढरा असतो की लाल कडेसुद्धा फिके दिसतात. ग्रँड कॅन्यनचे रेंजर उन्हाळ्यात सकाळी १० ते दुपारी ४ दरीत उतरू-चढू नका असं बजावून सांगतात, ते याच तासांबद्दल.

म्हणून माझी आखणी उलटी असते. सकाळी पार्क, दुपारी एसी गाडीत प्रवास, चारपर्यंत पुढच्या मुक्कामी, आंघोळ-चहा, मग संध्याकाळी नवं पार्क. एका दिवसात अशी दोन पार्कांची दोन चांगली टोकं पदरात पडतात. पण त्याला एक अट आहे: दोन मुक्कामांमधलं अंतर तीन ते चार तासांत बसायला हवं. ज्या ठिकाणासाठी ही अट मोडावी लागते, तिथे जाण्यात एक अख्खा दिवस जातो. असे दिवस १४ दिवसांत तीन-चारच परवडतात.

ही चाळणी तुमच्या यादीला लावू. लास व्हेगास ते झायन साधारण १६० मैल, पावणेतीन तास. झायन ते ब्राइस ८५ मैल, दोन तास. ग्रँड कॅन्यनच्या साउथ रिमहून, म्हणजे दक्षिण काठाहून, पेज गाव अडीच-तीन तास आणि पेजहून झायन दोन-सव्वादोन तास. हे सगळं बसतं. ब्राइसहून सॉल्ट लेक सिटी चार-साडेचार तास, तिथून टीटनजवळचं जॅक्सन गाव साडेचार-पाच, आणि यलोस्टोनच्या पश्चिम दारापासून परत सॉल्ट लेक पाच तास. हे तीन लांबचे दिवस झाले, आणि व्हेगासहून ग्रँड कॅन्यनचा साडेचार तासांचा पहिला टप्पा धरला तर चार. आता यलोस्टोनहून ग्लेशियर म्हणजे उत्तरेला आणखी ४०० मैल, आणि ग्लेशियरहून योसेमिटी हजार मैलांच्या वर. या दोन टप्प्यांत चार दिवस केवळ रस्त्यात जातील आणि त्यानंतर योसेमिटीत हाती एखादी दुपार उरेल. ग्लेशियर आणि योसेमिटी या सहलीतून काढा. दोन्हींना स्वतंत्र आठवडा द्यायला हवा. योसेमिटीचे धबधबे पाहायचे तर मे-जून गाठायला हवा. वितळत्या बर्फावर चालणारा योसेमिटी फॉल ऑगस्टपर्यंत बहुतेक आटलेला असतो. ग्लेशियरचा गोइंग-टू-द-सन रोड तर बर्फ काढून पूर्ण खुला व्हायलाच बऱ्याच वर्षी जूनची अखेर किंवा जुलै उजाडतो.

उरली सात ठिकाणं. मॉन्युमेंट व्हॅली आणि आर्चेसही मी काढीन, पण हे परिस्थितीवर अवलंबून आहे, म्हणून कारण सांगते. यलोस्टोन नको, वाळवंटच नीट बघू, असं ठरलं तर व्हेगास-झायन-ब्राइस-कॅपिटल रीफ-मोआब-मॉन्युमेंट व्हॅली-पेज-ग्रँड कॅन्यन-व्हेगास हा फेरा दहा-बारा दिवसांत अतिशय सुंदर होतो. सप्टेंबरअखेरीस किंवा एप्रिलमध्ये विचारलं असतंत तर मी डोळे मिटून तोच सांगितला असता. जुलैत मात्र आर्चेसजवळच्या मोआब गावात पारा सहज ३८ अंशांवर जातो आणि आर्चेसमध्ये सावली जवळपास नाहीच. डेलिकेट आर्चची चढण जाऊन-येऊन तीन मैल, उघड्या खडकावरची. ती आईंच्या गुडघ्यांना झेपणार नाही. मॉन्युमेंट व्हॅलीतला १७ मैलांचा कच्चा, खडबडीत रस्ता पाठदुखीवाल्यांना नको होतो. शिवाय ती नवाहो या मूळ रहिवासी लोकांची जमीन आहे, तिथे नॅशनल पार्कचा पास चालत नाही, वेगळं तिकीट पडतं. उलट यलोस्टोन आणि टीटन उंचावर आहेत, जुलैत हवा थंड असते, बसून बघण्यासारखं पुष्कळ आहे. दहा वर्षांच्या मुलाला वाफा सोडणारी जमीन आणि गवे पाहायला मिळाले तर त्याला ते आयुष्यभर पुरेल. म्हणून तुमच्या घरच्या पाच जणांसाठी मी दक्षिणेकडून सुरुवात करून यलोस्टोनला शेवट करीन.

एक महत्त्वाचा बदल करा. लास व्हेगासला उतरा, पण परतीचं विमान सॉल्ट लेक सिटीहून घ्या. गाडी दुसऱ्या शहरात सोडण्याचे जास्तीचे पैसे पडतात आणि तो आकडा बघून लोक बिचकतात. पण यलोस्टोनहून व्हेगासला परतायचं म्हणजे सॉल्ट लेकच्या पुढे आणखी ४२० मैल, सहा तास, एक जास्तीची रात्र, दोन खोल्या आणि पेट्रोल. दोन्ही आकडे शेजारी मांडून बघा. बहुतेक वेळा गाडी तिकडे सोडणंच फायद्याचं ठरतं. गाडी मिनीव्हॅन घ्या, कारण तिची पायरी बुटकी असते आणि आईंना चढता-उतरताना त्रास होत नाही. मोठी एसयूव्ही दिसायला छान असली तरी गुडघेदुखीला ती वाईट. आरव्हीचा (राहायची सोय असलेल्या मोठ्या गाडीचा) विचार असेल तर तो या सहलीसाठी सोडा. झायनच्या बोगद्यात मोठ्या गाड्यांवर निर्बंध आहेत आणि एवढं धूड पार्कच्या पार्किंगमध्ये बसवणं हा रोजचा छळ होतो.

रात्री अशा धरा: व्हेगास एक, ग्रँड कॅन्यन दोन, पेज एक, झायन दोन, ब्राइस एक, सॉल्ट लेक एक, टीटन एक, यलोस्टोन तीन, परतीची सॉल्ट लेक एक. तेरा रात्री, चौदावा दिवस विमानाचा. शेवटची सॉल्ट लेकची रात्र वाचवून पहाटे यलोस्टोनहून निघून संध्याकाळचं विमान पकडू, असा मोह होईल. तसं करू नका. गव्यांचा कळप किंवा रस्त्याचं काम यात दोन तास गेले तर दिवसभर गाडीत कोणी एकमेकांशी धड बोलणार नाही.

ग्रँड कॅन्यनला दोन रात्री का, असं अनेक जण विचारतात. खरं तर दरी दहा मिनिटांत दिसते. पण व्हेगासहून २८० मैल, साडेचार तास येऊन तुम्ही थकलेले असता, आणि ती दरी उगवत्या-मावळत्या उन्हात जशी बदलते ते पाहायला मुक्काम हवा. साउथ रिम ७,००० फुटांवर आहे. पहिल्या दिवशी आईबाबांना दोन पावलांत धाप लागेल, तेव्हा सावकाश घ्या. काठावरची रिम ट्रेल बऱ्याच अंतरापर्यंत सपाट आणि डांबरी आहे आणि शटल फुकट आहे. हर्मिट रोड उन्हाळ्यात खासगी गाड्यांना बंद असतो, त्यामुळे तिकडे शटलनेच जायचं. चढायला अवघड असेल तर चालकाला सांगा, तो चढायला रॅम्प काढून देतो.

मुलासाठी तिथली एक गोष्ट चुकवू नका. यावापाय भूशास्त्र संग्रहालयापासून व्हिलेजकडे जाणाऱ्या वाटेवर 'ट्रेल ऑफ टाइम' आहे. वाटेत पितळी खुणा बसवल्यात, दर मीटरला दहा लाख वर्षं. त्या-त्या काळाचे खडक बाजूला मांडलेत, त्यांना हात लावता येतो. आजपासून मागे चालायला लागलात की ६६व्या मीटरच्या आसपास मुलाला थांबवा आणि सांगा, आपला सह्याद्री इथे तयार झाला, आजी-आजोबांच्या सिंहगडाचा काळा दगड इथला. मग पुढे चालत राहा. तुम्ही उभे आहात त्या कड्याचा अगदी वरचा चुनखडक २७ कोटी वर्षांचा, म्हणजे २७० मीटरवर, आणि दरीच्या तळाचा काळा खडक १७०० मीटरच्याही पलीकडे. आजोबांचा हात धरून मुलगा हे अंतर पायाने मोजतो तेव्हा दरीतले खडक किती जुने आहेत हे त्याला वेगळं समजावून सांगावं लागत नाही. नॉर्थ रिमबद्दल जुन्या लेखांत खूप चांगलं वाचाल, पण तिथलं ऐतिहासिक लॉज जुलै २०२५ च्या वणव्यात जळून गेलं. तुम्ही तिकडे वळू नका.

ग्रँड कॅन्यनहून निघताना पूर्वेकडचा डेझर्ट व्ह्यू रस्ता धरा. टोकाला १९३२ साली बांधलेला दगडी मनोरा आहे, मेरी कोल्टर या स्थापत्यकाराचा. तिथून पेज. इथे घड्याळाची एक भानगड आहे, ती आधीच समजून घ्या. ॲरिझोना राज्य उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाही, पण नवाहो प्रदेश करतो, आणि यूटाही करतो. पेज या तिन्हींच्या सीमेवर आहे. तुमचा मोबाइल कोणत्या टॉवरला चिकटेल त्याप्रमाणे वेळ एका तासाने मागे-पुढे उडी मारते. अँटिलोप कॅन्यन ही अरुंद घळ फक्त नवाहो वाटाड्यांबरोबर, आधी ठरलेल्या वेळी बघता येते. त्या दिवशी मोबाइलवर विसंबलेली कुटुंबं वेळ हुकवून दारात उभी असलेली मी पाहिलीत. पेजला पोचलात की मोबाइलमधली आपोआप वेळ बदलण्याची सोय बंद करून ॲरिझोनाची फिनिक्सची वेळ हाताने लावा, आणि वडिलांच्या मनगटावरचं घड्याळही. हॉर्सशू बेंड हे नदीचं वळण जाऊन-येऊन दीड मैल आहे, वाटेत सावली अगदी थोडी. सूर्य कलल्यावर जा. आईंना नको वाटलं तर त्यांनी हॉटेलात पाय वर करून बसावं, काही बिघडत नाही.

झायनला पूर्वेकडून, कॅनॅबमार्गे शिरा. हा रस्ताच पाहण्यासारखा आहे. दोन्ही बाजूंना रेषारेषांचे गोलसर खडक, मग १९३० साली खोदलेला १.१ मैलांचा काळाकुट्ट बोगदा, त्यात कड्याच्या बाजूला कोरलेल्या खिडक्या. त्यांतून क्षणभर लाल भिंत दिसते आणि पुन्हा अंधार. बाहेर पडलात की वळणावळणांचा उतार आणि समोर अख्खी दरी. हे दृश्य पाहायला चालावं लागत नाही, म्हणून आईबाबांसाठी ते मोलाचं. झायनच्या मुख्य दरीत उन्हाळ्यात शटलनेच जावं लागतं. शटलला तिकीट नाही, पण व्हिजिटर सेंटरचं पार्किंग सकाळीच भरतं. स्प्रिंगडेल गावात राहा, गाडी हॉटेलातच ठेवा, गावातल्या फुकट शटलने दारापर्यंत या. सकाळी सातच्या आत निघालात तर शेवटच्या थांब्यावर, टेंपल ऑफ सिनावावाला, निवांत पोचाल. तिथून नदीकाठची रिव्हरसाइड वॉक जाऊन-येऊन सव्वादोन मैल, पक्की आणि बरीचशी सावलीची. आईंनी जमेल तिथपर्यंत जावं आणि बाकावर बसावं. एंजल्स लँडिंग या कड्यावरच्या अवघड चढणीला २०२२ पासून परवाना लागतो. तुम्ही ती या खेपेला सोडून द्या. नॅरोज म्हणजे नदीतून चालण्याची वाट. मुलाला घेऊन तिच्या तोंडाशी पाण्यात थोडं चालून या, पण आदल्या संध्याकाळी पुराचा इशारा बघूनच.

त्या इशाऱ्याबद्दल दोन शब्द. जुलैच्या सुरुवातीपासून सप्टेंबरपर्यंत या भागातही मान्सून असतो. रोजचा पाऊस नाही, आपल्याकडच्या वळवासारखा: सकाळ स्वच्छ, दुपारी ढग चढतात, तासभर विजा आणि सरी, मग पुन्हा ऊन. पण खडकाळ जमीन पाणी मुरू देत नाही. दहा मैलांवर पडलेलं पाणी अरुंद घळीत भिंतीसारखं येऊन धडकतं, डोक्यावर निळं आकाश असतानासुद्धा. म्हणून डोक्यावरचं आकाश बघून ठरवायचं नाही, पार्कच्या फलकावरचा त्या दिवसाचा धोका वाचायचा. गडगडाट ऐकू आला की कड्याच्या काठावरून मागे फिरून गाडीत बसायचं.

ब्राइसला एकच रात्र पुरते, कारण वरच्या पद्धतीने तुम्हाला एक संध्याकाळ आणि एक पहाट मिळते आणि ब्राइसची पहाट हा माझ्या मते या सगळ्या प्रवासाचा कळस आहे. सनराइज पॉइंट ते सनसेट पॉइंट अर्धा मैल, सपाट, पक्की वाट, मध्ये बाकं. जागा ८,००० फुटांवर असल्याने जुलैतही पहाटे स्वेटर आणि कानाला रुमाल लागतो. सूर्य वर आला की दगडी सुळके आतून पेटल्यासारखे नारिंगी होतात. हे सुळके घडवले ते बर्फाने: वर्षातले निम्म्याच्या आसपास दिवस असे असतात की भेगांतलं पाणी रात्री गोठून फुगतं आणि दिवसा वितळतं, आणि खडक तसा थोडाथोडा फुटत जातो. तुम्ही मुलाला घेऊन नवाहो लूप या खाली जाणाऱ्या वाटेच्या वरच्या वळणांपर्यंत उतरून या, तोवर आईबाबा काठावर थर्मासमधला चहा घेत बसतील.

टीटनला दुपारी पोचून संध्याकाळ, आणि दुसऱ्या सकाळी जेनी लेक तळ्यातली नावेची फेरी. एवढं केलंत की दुपारी तिथूनच यलोस्टोनच्या दक्षिण दारात शिरा, दोन्ही पार्क एकमेकांना जवळजवळ लागूनच आहेत.

यलोस्टोनला तीन रात्री म्हणजे दोन पूर्ण दिवस आणि पहिली संध्याकाळ. हे जगातलं पहिलं नॅशनल पार्क, १८७२ सालचं, आणि तिथे घाई केली की काहीच दिसत नाही. एक दिवस गरम पाण्याच्या बाजूला द्या: ओल्ड फेथफुल हे गरम पाण्याचं कारंजं, ग्रँड प्रिझमॅटिक हे रंगीत कुंड, वाटेतली उकळती डबकी. ओल्ड फेथफुल साधारण दीड तासाने उडतं. पुढच्या वेळेचा अंदाज तिथेच लिहिलेला असतो, त्यामुळे आधी वेळ बघा, मग आइस्क्रीम घ्या. ग्रँड प्रिझमॅटिकचं पार्किंग छोटं आहे, सकाळी आठच्या आत किंवा जेवणानंतर संध्याकाळी जा. फळ्यांच्या पायवाटेवरून पाऊल खाली पडता कामा नये. वरची जमीन पापुद्र्यासारखी असते आणि खाली उकळतं पाणी. लोक त्यात भाजून मेलेत. मुलाचा हात सोडू नका.

दुसरा दिवस प्राणी आणि दरी: पहाटे हेडन व्हॅली, मग यलोस्टोनच्याच दरीतला ३०८ फुटांचा लोअर फॉल धबधबा. तो जिथून दिसतो त्या आर्टिस्ट पॉइंटला गाडीपासून थोडंच चालावं लागतं. लामार व्हॅली उत्तम आहे, पण मुक्काम वेस्ट यलोस्टोनला असेल तर ती दोन तासांपेक्षा लांब पडते. वडिलांना दोन्हीकडे ओढू नका, हेडनवर समाधान माना. गवा आणि एल्क (मोठं हरीण) यांच्यापासून २५ यार्ड, अस्वल आणि लांडग्यापासून १०० यार्ड लांब राहायचं हा नियम आहे. जुलैअखेर गव्यांचा माजाचा काळ सुरू होतो आणि शांत उभा दिसणारा गवा माणसापेक्षा कितीतरी वेगाने धावतो. फोटो गाडीच्या खिडकीतून काढा.

आता पैशांची एक गोष्ट, जी यंदा अनेक घरांना महागात पडू शकते. १ जानेवारी २०२६ पासून अमेरिकेबाहेर राहणाऱ्या १६ वर्षांच्या आणि त्यावरच्या पाहुण्यांना अकरा मोठ्या पार्कांत नेहमीच्या शुल्कावर माणशी १०० डॉलर जास्त आहेत. आपल्या आराखड्यातली पाचही, म्हणजे ग्रँड कॅन्यन, झायन, ब्राइस, टीटन आणि यलोस्टोन, त्या यादीत आहेत. आईबाबा दोघांचे मिळून हे जास्तीचे पैसे सुटे भरले तर हजार डॉलर होतात. बाहेरच्यांसाठी २५० डॉलरचा वार्षिक पास आहे. इथे राहणाऱ्यांचा ८० डॉलरचा पास वेगळा आणि त्याला इथलं सरकारी ओळखपत्र लागतं. कोणता पास गाडीतल्या कोणाकोणाला लागू होतो, तो नियम पार्क सेवेच्या संकेतस्थळावर वाचून मगच घ्या. ज्येष्ठांचा स्वस्त पास फक्त अमेरिकी नागरिक आणि ग्रीन कार्डवाल्यांना मिळतो, व्हिजिटर व्हिसावर आलेल्या आईबाबांना नाही.

तब्येतीचं बोलायचं तर इथली हवा कोरडी आहे. पुण्यात घाम दिसतो, इथे तो अंगावर येतायेताच वाळतो, म्हणून तहान कळत नाही आणि संध्याकाळी डोकं धरतं. दर तासाला पाणी आठवणीने पाजा. मीठ-लिंबाचं पाणी किंवा ओआरएस वडिलांना किती चालेल ते निघण्याआधी त्यांच्या डॉक्टरांना विचारा. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी लघवी वाढते, त्याबद्दलही विचारा. इन्सुलिन असेल तर ते पार्क केलेल्या गाडीत क्षणभरही ठेवू नका, छोट्या आइसबॉक्समध्ये सोबत न्या. पार्कच्या आत बऱ्याच ठिकाणी वॉल्ट टॉयलेट असतात. तिथे पाण्याचा नळ नसतो, तेव्हा बाटली आणि हात पुसायचे ओले रुमाल आईंच्या पर्समध्ये असू द्या. व्हिजिटर इन्शुरन्सचा कागद छापून घ्या, कारण मोठं इस्पितळ कित्येकदा दोन-तीन तासांवर असतं आणि मोबाइलला रेंज नसते. त्याच कारणाने नकाशेही आधीच उतरवून घ्या.

जेवणाचं सोपं आहे. व्हेगास आणि सॉल्ट लेक या दोन्ही ठिकाणी भारतीय किराणा मिळतो, तिथे भरून घ्या. निदान झायन आणि यलोस्टोनला स्वयंपाकघर असलेली खोली बघा. छोटा राइस कुकर, मूगडाळ, मेतकूट, लोणचं एवढ्यावर रात्रीचं जेवण होतं आणि वडिलांच्या साखरेची वेळ सांभाळली जाते. दिवसासाठी दशम्या, खाकरे, शेंगदाण्याची चटणी, फळं. यलोस्टोनमध्ये खाणं बाकावर ठेवून फोटो काढायला जाऊ नका, सगळं बंद गाडीत ठेवा. अस्वलांचा भाग आहे.

हे सगळं आई चालू शकतात किती यावर बदलेल. डॅलसमध्ये आल्यावर पहिल्याच आठवड्यात त्यांच्याबरोबर एक मैल सपाट चालून बघा. ते त्रासाशिवाय जमलं तर वरचा आराखडा तसाच ठेवा. नाही जमलं तर पेजची रात्र ठेवून हॉर्सशू गाळा आणि झायनमधली एक रात्र ब्राइसला द्या, तिथे हवा थंड आणि दृश्य गाडीजवळ आहे. वणव्याचा धूर ऑगस्टमध्ये जास्त असतो, जुलैतही येऊ शकतो. टीटनचे डोंगर धुरात दिसेनासे झाले तर तिथली रात्र यलोस्टोनला जोडा. आणि तुमच्याशिवाय बायकोही निम्मी गाडी चालवणार असेल तर सॉल्ट लेकच्या तिन्ही लांब दिवसांचा ताण बराच कमी होईल. गाडीच्या भाड्याच्या करारात तिचं नाव घालायला सांगा.

आरक्षणाचा क्रम मात्र उलटा धरा. पार्कमधल्या खोल्यांचं आरक्षण वर्षभर आधी उघडतं, त्यामुळे जुलैच्या बऱ्याच खोल्या गेलेल्या असतील. पण लोक रद्द करतात आणि त्या खोल्या पुन्हा यादीत येतात. पहिल्यांदा यलोस्टोनच्या तीन रात्री शोधा, आत मिळाल्या तर आत, नाहीतर वेस्ट यलोस्टोनला. त्या ज्या तारखांना मिळतील त्या पक्क्या करा आणि तिथून मागे मोजत टीटन, सॉल्ट लेक, ब्राइस, झायन, पेज, ग्रँड कॅन्यन असं येत विमानाची तारीख सगळ्यात शेवटी ठरवा. यलोस्टोनच्या तारखा हाती आल्या की इथे लिहा, मुक्कामाची गावं आणि निघायच्या वेळा मी दिवसवार मांडून देते.